लघवीची गोळी घेतली. पण वजन केलंत का?

तुंगार्लीच्या एक आजी गेल्या पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात पुन्हा दाखल झाल्या. दोन महिन्यांतली ही दुसरी खेप. पाय सुजलेले, रात्री आडवं झालं की धाप लागायची. मुलगा सांगत होता, ‘डॉक्टर, एक दिवसही गोळी चुकवली नाही.’ ते खरंच होतं. पण गोळीचा उपयोग होतोय का, हे घरी कसं पाहायचं, ते आम्हीच त्यांना शिकवलं नव्हतं.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त किंवा ताठर होतो, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साठतं. ते बाहेर काढण्यासाठी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड देतात. यालाच आपण लघवीची गोळी म्हणतो.

या औषधाला एक उंबरठा असतो. मूत्रपिंडात ते पुरेसं पोहोचलं नाही, तर अर्धा परिणाम होतो असं नाही, जवळजवळ काहीच होत नाही. हा उंबरठा प्रत्येकाचा वेगळा. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस जास्त लागतो. आतड्यांना सूज असेल तर गोळी नीट शोषली जात नाही. अशा वेळी तेच औषध शिरेतून द्यावं लागतं. गोळीचा अंमल साधारण सहा तासांचा. त्यानंतर शरीर पुन्हा मीठ धरू लागतं. मग जेवणात पापड, लोणचं, सुकट असेल, तर सकाळी गेलेलं पाणी संध्याकाळी परत येतं.

आजींच्या पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या लघवीच्या गोळीचं काम हाणून पाडतात. शिवाय पावसाळ्यात घरी सुकट असायचीच.

नातेवाईक अनेकदा ‘भारीतली गोळी द्या’ म्हणतात. अमेरिकेत २,८५९ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड घेणाऱ्यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा गोळीच्या नावाइतकंच, तिचा डोस त्या रुग्णाला पुरतो का हे पाहणं महत्त्वाचं.

ते मोजता येतं. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की शिरेतून औषध दिल्यावर पहिल्या सहा तासांत लघवी ताशी १०० ते १५० मिलिलीटरपेक्षा कमी झाली, तर डोस अपुरा समजून दुप्पट करावा. दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासूनही अंदाज येतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मापाचं भांडं, वजनकाटा आणि नोंद करणारा माणूस लागतो. आमच्यासारख्या वॉर्डांत गर्दीच्या दिवशी नेमकी नोंदच राहून जाते. ‘लघवी झाली का?’ ‘हो, झाली.’ किती, ते कुणी विचारत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे : हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या वर, सूज उतरल्यानंतरचं वजन ठळक लिहावं. आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात चालू स्थितीतला वजनकाटा असावा.

घरच्यांनी रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर धाप लागेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांकडे या. उलट वजन झपाट्यानं उतरलं, चक्कर आली, पायांत गोळे आले किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तरीही विचारा. डोस मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका.

आजी आता बऱ्या आहेत. मागच्या तपासणीला त्यांनी फाइलआधी कॅलेंडरचं पान माझ्यापुढे ठेवलं. त्यावरचे आकडे पाहूनच मी डोस ठरवला.