कोंबड्यांचा उन्हाळा आणि काढ्याची बाटली



साखर कारखान्याच्या वार्तापत्रात कोंबडीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, अंड्याचा पैसा रोज येतो, आणि पुष्कळ घरांत तो कारभारणीच्या हाती असतो. तोच पैसा मे महिन्यात शेडमध्ये मान टाकतो. पैठण, गंगापूर, वैजापूर भागात पारा चाळिशी ओलांडला की काढ्याच्या बाटल्या घेऊन विक्रेते दारात उभे. आवळा, तुळस, अश्वगंधा. पाण्यात टाका नि निर्धास्त झोपा म्हणे!

आमचा झाडपाल्याला विरोध नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते, एवढाच तिचा पंखा. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू निघून जातो, कवचाला लागणारा माल कमी पडतो आणि अंडे पातळ कवचाचे होते. ‘क’ जीवनसत्त्व कोंबडी एरवी स्वतःच्या अंगात तयार करते, पण उष्म्यात ते पुरत नाही. आवळ्यात ते भरपूर. म्हणजे आवळा देण्यात अर्थ आहे, थोतांड नाही.

पण तो पोटात जायला तर हवा! उन्हाच्या कडाक्यात कोंबडी खाद्याला तोंड लावत नाही. खाल्लेच तर पचनाची उष्णता अंगात आणखी वाढते. म्हणून दुपारी, दहा-अकरापासून चार-पाचपर्यंत, खाद्य उचलून ठेवावे आणि आवळ्याची पूड पहाटेच्या खाद्यात मिसळावी. क्विंटलला अर्धा किलो पुष्कळ झाली. तीही ऊन तापण्याच्या आधीपासून. कोंबडी धापा टाकू लागल्यावर पूड शोधत फिरण्यात काय हशील?

पाण्याचे तर विचारूच नका. आमच्या गटातल्या एका सभासदाच्या शेडवर गेलो तर टाकी पत्र्यावर, नळी काळी, पाणी चहासारखे कढत, आणि त्यात महागडा काढा ओतलेला. कोंबड्या भांड्यापाशी जाऊन परत फिरत होत्या. त्या दुपारी विक्रीला आलेल्या, वजनदार कोंबड्या आधी गेल्या. दोष काढ्याचा की टाकीचा? बाटलीवर किती काय घातले, तेही छापलेले नव्हते. असली बाटली घेऊच नये. शिवाय उन्हात कोंबडी दुप्पट-तिप्पट पाणी पिते, म्हणजे पाण्यात घातलेले औषधही तितकेच जास्त पोटात जाते, हे विकणारा सांगत नाही.

आमच्या मते पहिले औषध आपल्याच फडात पडलेले आहे: पाचट. तोड झाली की आपण काडी लावतो. तेच पाचट पत्र्यावर जाड अंथरून वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीने बांधा आणि दुपारी त्यावर पाणी मारा. विजेच्या तारांपासून मात्र लांब, नाहीतर एक आग विझवता दुसरी लागायची. टाकी सावलीत घ्या, तिला ओले गोणपाट गुंडाळा. आवळा त्यानंतर.

आता कारखान्याकडे एक मागणी. आवळा हिवाळ्यात स्वस्त असतो आणि नेमका तेव्हा आपल्या कोणाच्या डोक्यात उन्हाळा नसतो. गटनिहाय मागणी घेऊन डिसेंबरात एकत्र खरेदी व्हावी, सावलीत वाळवून पूड गट कार्यालयातून रोखीने मिळावी. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील जाणकार मंडळींना एकदा बोलावून प्रमाण विचारून घ्यावे. खताची खरेदी आपण एकत्र करतो, मग आवळ्याचीच लाज का? ज्यांच्या घरी पन्नासच्या वर कोंबड्या आहेत, त्यांनी आपापल्या गटाधिकाऱ्याकडे नाव लिहून द्यावे. नाव कारभारणीचे दिले तरी चालेल; हिशेब तीच ठेवते.