वजनगट

मेरी कोम आणि मोहम्मद अली यांच्यात मुष्टियुद्ध झाले असते, तर कोण जिंकले असते? प्रश्न पोरकट वाटेल. घरात सुटीसाठी आलेली नातवंडे असतील, तर आपण तो त्यांना जरूर विचारा. दुपार बरी जाते. मात्र उत्तर देण्यापूर्वी अट ठरवून घ्यावी. दोघांचे वजन आहे तसेच ठेवायचे, की सारखे मानायचे? आहे तसेच ठेवले तर चर्चेला जागाच उरत नाही. सारखे मानले, तर केवळ कौशल्य, चपळाई आणि जिद्द यांचा हिशेब उरतो. या दुसऱ्या प्रकाराला मुष्टियुद्धाच्या जगात ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. अमेरिकेच्या शुगर रे रॉबिन्सन यांच्यामुळे हा शब्दप्रयोग विशेष रूढ झाला.

वजनगट हे केवळ नियमाचे अवडंबर नव्हे. ठोशामागे नुसती मूठ नसते. पाय, कंबर, खांदा असा सारा देह असतो. हलक्या गड्याची मान बारीक. त्यामुळे जड ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते आणि कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. मेरी कोम यांची विश्वविजेतेपदे ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता, म्हणून त्या वरच्या गटात उतरल्या आणि कांस्यपदक घेऊन आल्या. तीन किलो म्हणजे आपल्याला पिशवीतली भाजी वाटते. त्या पातळीवर तो डोंगर असतो.

वेगळ्या वजनगटांतल्या विजेत्यांची गाठ कल्पनेतच पडते असे नाही. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ती खरोखर पडली. (त्यानंतर महिन्याभरात आपल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात कुस्तीचे कांस्यपदक मिळवले.) रॉबिन्सन तेव्हा मिडलवेट गटाचे जगज्जेते होते, त्या गटाची मर्यादा साडेबहात्तर किलोंची. समोर होते लाइट हेवीवेटचे जगज्जेते जोई मॅक्झिम, त्यांची मर्यादा सुमारे ७९ किलोंची. लढत पंधरा फेऱ्यांची. हलके रॉबिन्सन पहिल्यापासून गुणांत पुढे राहिले आणि तिन्ही गुणपत्रिकांवर अखेरपर्यंत पुढेच होते. तरीही ते हरले.

रात्रीची वेळ असूनही रिंगणाशेजारी सुमारे ४० अंश सेल्सियस उष्मा होता. रॉबिन्सन नाचत, धावत, ठोसे मारत होते. मॅक्झिम मात्र बेताने हालत, जवळ येऊन मिठी घालत आणि आपला भार प्रतिस्पर्ध्यावर टाकत. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टाइन यांनाच उष्म्याने इतके ग्रासले की दुसरा पंच आणावा लागला. तेराव्या फेरीत रॉबिन्सन यांचा ठोसा हुकला आणि स्वतःच्याच झोकाने ते कोसळले. चौदाव्या फेरीच्या घंटेला ते उठू शकले नाहीत. सुमारे दोनशे लढतींच्या कारकिर्दीत ते वेळेआधी थांबले ते एवढ्या एकदाच.

मला, एक डॉक्टर म्हणून, या लढतीत तिसरा खेळाडू दिसतो: ऊन. ते वजनगट मानत नाही आणि गुणपत्रिकाही पाहत नाही. एकतीस वर्षांच्या कसलेल्या देहाची ही गत, तर सत्तरीच्या देहाची काय सांगावी? उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. उन्हाळ्यात आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, ग्लानीत गेले, अंग तापले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. सावलीत न्या, अंग ओले करून पंखा लावा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाणी घालू नये. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी रोज किती पाणी प्यावे, हे उन्हाळा लागण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आता आपल्या घरातले रिंगण पाहू. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले पती ऐंशी किलोंचे आणि त्यांना रोज उठवणारी पत्नी पंचेचाळीस किलोंची, अशी जोडपी माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. हा फरक रॉबिन्सन–मॅक्झिम यांच्या फरकाच्या पाचपट आहे, आणि येथे पंच नाही. पाठ धरते ती बहुधा पत्नीची, आणि ती सांगते सर्वांत शेवटी, दाराशी गेल्यावर.

वहिनी, काकू, आपण उचलूच नका. रुग्णाला पलंगाच्या कडेशी बसवा, पावले जमिनीवर टेकवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, आणि त्यांना पुढे झुकू द्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके. देह आपला भार स्वतःच पुढे टाकतो; आपण फक्त तोल सावरायचा. धरायचे ते कमरेच्या रुंद पट्ट्याला. काखेत हात घालू नये आणि लुळा हात तर मुळीच ओढू नये, खांदा निखळतो. आपले गुडघे वाकलेले, पाठ सरळ. जमत नसेल तर दुसरा माणूस येईपर्यंत थांबावे. भिडेखातर एकटीने ओढाताण करू नये.

आणि रुग्ण पडलाच, तर लगेच उभे करण्याची घाई नको. प्रथम डोक्याला मार लागला का, ते पाहावे. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्याच्या भोवतालच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपू शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बाहेर टेंगूळ नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढचे काही आठवडेही लक्ष असू द्यावे: वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, चालताना एका बाजूला जाणारा झोक. अशा वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगा, की हे तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पडले होते. ते आपण सांगितले नाही, तर आम्हाला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.