चार रंगांचा झेंडा आणि आठवणींचा वर्ग

क्रूझचा मोसम जवळ आला की इंग्रजी पुरवण्यांना जुन्या आगबोटींचे उमाळे येऊ लागतात. पांढरीशुभ्र बोट, डेकवर वेताच्या खुर्च्या, संध्याकाळचा बँड, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'अमुक कंपनीचे बोधचिन्ह कसे जन्मले' याची एक गोड गोष्ट. माझा आजचा राग या गोड गोष्टीवर आहे. गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अर्धीच सांगतात, आणि जो अर्धा भाग गाळतात तो नेमका आपला असतो!

यातली सर्वांत लाडकी गोष्ट पी अँड ओ कंपनीच्या झेंड्याची. दोन कर्णरेषांनी कापलेले चार त्रिकोण. निळा, पांढरा, लाल, पिवळा. ब्रॉडी विल्कॉक्स आणि आर्थर अँडरसन या दोन भागीदारांनी १८२२ साली लंडनमध्ये जहाजांच्या दलालीचा धंदा सुरू केला. त्यांचा सगळा व्यवहार स्पेन-पोर्तुगालशी. पुढे तिकडे यादवी पेटली. पोर्तुगालात राणी दोना मारिया द्वितीय विरुद्ध तिचा काका मिगेल, स्पेनमध्ये बालराणी इसाबेला विरुद्ध तिचा काका कार्लोस. (काकांचा आणि गादीचा संबंध आपल्याला पेशवाईपासून ठाऊक आहेच.) या भागीदारांनी दोन्हीकडे राण्यांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी जहाजे मिळवून दिली. राण्या जिंकल्या. म्हणून झेंड्यात पोर्तुगालचा निळा-पांढरा आणि स्पेनचा लाल-पिवळा. संपली गोष्ट. वाचणाऱ्याने म्हणायचे, वा, काय निष्ठा!

आता मी सरकारी कारकून. वीस वर्षे फायली चाळल्यावर एक सवय लागते. कागदावर 'निष्ठा' शब्द दिसला की पुढचे पान उलटून मंजुरी कुणाला मिळाली ते बघायचे. पुढच्या पानावर १८३७ साल आहे. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने इबेरियन द्वीपकल्पाच्या टपालाचे कंत्राट याच मंडळींच्या पेनिन्सुलर कंपनीला दिले. व्हिगो, पोर्तो, लिस्बन, कादिझ, जिब्राल्टर, ओळीने बंदरे. त्यांची 'डॉन जुआन' ही बोट त्याच सप्टेंबरात परतीच्या वाटेवर तारीफाजवळ खडकावर आपटून फुटली, पण कंत्राट टिकले. १८४० मध्ये सनद मिळाली, नावात 'ओरिएंटल' शब्द आला आणि कंपनीची नजर आपल्या बाजूला वळली. म्हणजे तो झेंडा निष्ठेचा आहे तितकाच धंद्याचा. धंदा करण्यात गैर काही नाही. पण पावतीला प्रेमपत्र म्हणू नये.

आणि आता आपला भाग. ती दोना मारिया फक्त पोर्तुगालची राणी नव्हती. ती गोव्याचीही राणी होती. ज्या उदारमतवादी पक्षाचा तो निळा-पांढरा झेंडा, त्याच पक्षाच्या सरकारने नेवऱ्याच्या बेर्नार्दो पेरिश द सिल्वा या गोमंतकीयाला पोर्तुगीज हिंदुस्थानचा प्रीफेक्ट, म्हणजे इथला मुख्य अधिकारी, नेमले. १४ जानेवारी १८३५ रोजी त्याने कारभार हाती घेतला आणि १ फेब्रुवारीला लष्कराने त्याला उलथवले. तीन आठवडेसुद्धा टिकू दिला नाही. इथला माणूस खुर्चीत बसलेला इथल्याच गोऱ्या आणि मिश्र अधिकाऱ्यांना सहन झाला नाही. पणजीला 'नोव्हा गोवा' म्हणून राजधानीचा दर्जा मिळाला तोही याच राणीच्या काळात, १८४३ साली. तो निळा-पांढरा झेंडा १९१०पर्यंत मांडवीकाठी फडकत होता. तर वाचकहो, या बोधचिन्हातला अर्धा रंग आपल्या घरावरून गेलेला आहे. लंडनचा लेखक हे लिहीत नाही, ठीक. पण पणजीत छापली जाणारी पुरवणीही लिहीत नाही, याचे काय करायचे?

आता 'आरंभीच्या क्रूझच्या आठवणी'. अँडरसन हा शेटलंड बेटांचा. १८३५-३६च्या सुमारास त्याने 'शेटलंड जर्नल' नावाचे पत्र काढले आणि जागा भरायला की काय, शेटलंड-आइसलँड-फॅरो बेटांच्या सहलीची एक काल्पनिक जाहिरात त्यात टाकली. बोट नव्हती, सहलही नव्हती. क्रूझच्या इतिहासाचा आरंभ इथून सांगतात, म्हणजे आधी जाहिरात आणि मग जहाज! पुढे १८४४ साली कंपनीने कादंबरीकार थॅकरेला भूमध्य समुद्राची सफर फुकट घडवली. त्याने १८४६ मध्ये कॉर्नहिल ते कैरो प्रवासाचे पुस्तक लिहिले. आजच्या भाषेत प्रायोजित लेखन. थॅकरेची विनोदबुद्धी मला आवडते, बीएला असताना त्याला परीक्षेपुरता वाचलाही होता. पण फुकट तिकिटावर लिहिलेली ही पहिली गाजलेली 'क्रूझची आठवण', आणि तेव्हापासून या आठवणींचा एक वर्ग ठरून गेला तो गेलाच. आठवण काढायची ती वरच्या डेकवरून. याच कंपनीची जुनी 'सिलोन' बोट १८८१ मध्ये विकली गेली आणि श्रीमंतांना जगप्रदक्षिणा घडवू लागली. १९०४ मध्ये कंपनीने स्वतःच 'व्हेक्टिस' ही बोट निव्वळ सहलींना लावली. या प्रत्येक बोटीवर कुणीतरी चादर बदलत होते, कुणीतरी कोळसा ओढत होते. मधल्या काळात हिंदुस्थानातली अफू चीनला पोचवण्याचे कामही याच झेंड्याखाली झाले, ते तर चौकटीत कधीच मावत नाही.

हे काम करणारे कोण? डेकवर खलाशी, त्यांत आपल्या कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान पुष्कळ, त्यांचे सारंग आणि तांडेल. खाली इंजिनपाशी पंजाब-सरहद्दीकडचे. आणि सलून, पँट्री, भटारखाना गोंयकारांकडे. हे तीन भाग इतके ठरलेले होते की भरतीसुद्धा गावागावांतून, नात्यागोत्यांतून व्हायची. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडी उभ्या राहिल्या त्या यांच्यासाठी. ट्रंक ठेवायची, तसबिरीपुढे तेर्स म्हणायचा आणि बोट मिळेपर्यंत थांबायचे. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी, कारण करारनामाच वेगळा, 'लास्कर' लोकांचा. स्वस्त पडतात आणि कुरकुर करत नाहीत, ही आपली ख्याती.

आमच्या वाड्यावर असे एक बोटीवरचे अंकल होते. एका विलायती कंपनीत त्यांची तीस वर्षे गेली. पन्नाशीतही त्यांना 'बॉय' म्हणून हाक मारत. हे सांगताना ते हसायचे, आणि त्यांचे ते हसणे लहानपणी मला विनोदी वाटायचे.

इथवर तुम्ही मान डोलावत आला असाल. आता जरा आपल्याकडे येतो.

'तो शिपार आसा' हे वाक्य गोव्यात आपण मराठीवाले कसे उच्चारतो? थोडे हसून. तारवोटी म्हणजे किरिस्तांवांची गोष्ट, आपली नव्हे. आपली संस्कृती म्हणजे देऊळ, कीर्तन, भजनी सप्ताह, नाटक. मी हे सगळे मानणारा, सप्ताहात टाळ धरणारा माणूस आहे, म्हणून बोलायचा हक्क मला आहे. तियात्राचा पहिला प्रयोग मुंबईत १८९२ साली झाला तो घर सोडून पोटासाठी गेलेल्या याच गोंयकारांच्या जगात, आणि तारवोटी, त्याची वाट बघणारी बायको, त्याने पाठवलेले पैसे हे सगळे तिथे रंगमंचावर आले. आमच्या उत्सवी नाटकांत तो कुठे आहे, दाखवा! संभाजी शंभर वेळा उभा केला, शेजारचा अंकल एकदाही नाही.

बरे, आपल्या स्वतःच्या बोटीचे तरी काय केले? मुंबई-पणजी आगबोट आपण सगळ्यांनी मनात जपली आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा तिने आलो. ती 'कोकण सेवक' होती की 'कोकण शक्ती' यावर आमच्या घरात अजून वाद होतो. भाऊचा धक्का, डेकवर पसरलेली सतरंजी, आईची ओकारी, अंधारात किनाऱ्यापासून दूर थांबलेली बोट आणि उतारू घ्यायला आलेले पडाव. या आठवणींवर मराठीत ढिगाने लेख आहेत आणि ते मीही आवडीने वाचतो. पण नीट बघा, सगळे उतारूंचे आहेत. पडाव हाकणाऱ्याचा एक नाही, इंजिनातल्या माणसाचा एक नाही. थॅकरेला फुकट तिकीट होते आणि आपल्याला डेकचे, एवढाच फरक. नजर तीच, जो सेवा घेतो त्याची.

'बोधचिन्ह म्हणजे बोधचिन्ह हो, एवढे काय त्यात,' असे माझे एक सहकारी म्हणाले. त्यांना मी उलट विचारतो, मग ते बदलताना कंपन्या एवढा विचार का करतात? २०१४ मध्ये पी अँड ओ क्रूझेसने नवा पेहराव जाहीर केला. पिवळसर धुराडी निळी झाली, त्यांवर जुन्या मानचिन्हातला उगवता सूर्य आला आणि नाळेवर ब्रिटनचा राष्ट्रध्वज. २०१५ साली 'ब्रिटानिया' आली तेव्हा तो ध्वज ९४ मीटर लांबीचा होता. बोट बांधली इटलीत, मोन्फाल्कोनेला. कंपनी २००३ पासून मायामीच्या कार्निव्हल समूहात. ताफ्यातल्या काही बोटींची नोंद बर्म्युडाची. मग ब्रिटिश काय उरले? रंग! मालक बाहेरचा, बांधणी बाहेरची, राबणारे बाहेरचे, म्हणूनच झेंडा मोठा लागतो.

चार रंगांचा तो जुना झेंडा दुबईच्या मालकीच्या पी अँड ओ फेरीजकडेही आहे. १७ मार्च २०२२ रोजी त्या कंपनीने सुमारे ८०० खलाशांना व्हिडिओवर निरोप सांगून कामावरून काढले. जागी आणलेल्यांना सरासरी तासाला साडेपाच पौंड, हे मुख्य अधिकाऱ्यानेच खासदारांपुढे कबूल केले. १८४० असो वा २०२२, 'स्वस्त पडतात' हे कलम काही रद्द झालेले नाही.

आपणही काही मागे नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली तेव्हा तिला 'आंग्रिया' नाव दिले. ज्या सरखेलाने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही समुद्रात घाम फोडला त्याचे नाव कशाला, तर सूर्यास्त विकायला. ती सेवा काही वर्षांतच आटोपली. नाव देताना टाळ्या वाजल्या, पण आंग्र्यांच्या गलबतांवर कोण होते, हे कुणी विचारले?

मुरगावला क्रूझ लागते तेव्हा आपण ढोल वाजवून पाहुण्यांचे स्वागत करतो. जरूर करावे, टॅक्सीवाल्यांचे चार दिवस बरे जातात. पण त्याच धक्क्याच्या वाटेवर एक भिंत हवी, जिच्यावर या लोकांच्या डिस्चार्ज बुकांची पाने असतील. आम्हा कारकुनांचे जसे सर्व्हिस बुक, तसे हे. बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कामाचा हुद्दा, वर्तणुकीचा शिक्का. गोव्यात अशी पुस्तके घरोघरच्या ट्रंकांत पडली आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतली काही कुजतात. ज्यांच्या शेजारी असे घर आहे त्यांनी जाऊन मागावीत, फोटो काढावेत, आणि बाईमाणसांना विचारून चार ओळी मराठीत लिहून ठेवाव्यात. परवानगीला अर्ज लागत नाही.

आमच्या त्या अंकलची दोन पुस्तके अजून आहेत, थोरल्या मुलीकडे. एकीची शेवटची पाने वाळवीने खाल्ली, पण हुद्द्याचा रकाना शाबूत आहे. तिथे 'बॉय' लिहिलेले नाही. 'जनरल सर्व्हंट' आणि पुढे 'पँट्रीमन' असे दोन शिक्के आहेत.