प्रशिक्षणाचा जमाखर्च

मुलांच्या बाई ‘ट्रेनिंग’ला गेल्या की त्यांचा वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडला जातो. मुले घरी येऊन सांगतात, आपण ऐकून सोडून देतो. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरीवलीपर्यंत ज्यांची मुले मनपा शाळेत जातात, त्या सर्व मायबापांना आमचे सांगणे आहे : ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. ते ट्रेनिंग आपल्या पैशाने होते.

ते कसे? २०१८ साली ‘समग्र शिक्षा’ योजना सुरू झाली. शिक्षकांचे प्रशिक्षण तिच्यात घेण्यात आले. महाराष्ट्रासाठी खर्चाची वाटणी ठरली केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. पण सरकारचा पैसा येतो करातून, आणि साबणाची वडी किंवा चपलांचा जोड घेताना तो कर आपणही भरतो.

महात्मा फुले यांनी हाच हिशेब १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला होता. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हे त्यांनी निवेदनात दाखवून दिले. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा आणि कष्टकऱ्यांत मिसळताना त्याला कमीपणा वाटू नये, अशी त्यांची मागणी होती.

आज कार्यक्रमांना तोटा नाही. २०१९ साली देशातील सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी ‘निष्ठा’ सुरू झाले. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, तेच प्रशिक्षण ‘दीक्षा’वरून मोबाईलवर आले. त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास प्रशिक्षण सुचवले. कागद चांगला आहे. पण किती शिक्षक हजर होते आणि किती प्रमाणपत्रे निघाली, एवढे मोजून भागत नाही. तिसरीतल्या मुलाला धडा वाचता येऊ लागला का, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. खर्चाची बाजू भरली. जमेची बाजू मुलाच्या वहीतच दिसणार.

शिक्षकांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. जनगणना आणि निवडणुकीची कामे कायद्यानेच त्यांच्यावर येतात. शिकून आलेले वर्गात उतरवायला त्यांना वेळ आणि साथ हवी. ती साथ पालकांनीही दिली पाहिजे.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानुसार सरकारी व मनपा शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे तिचे काम आहे. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

तेव्हा पुढच्या सभेला अर्धा दिवस खाडा झाला तरी जा. सहीपुरते जाऊ नका. तीन प्रश्न विचारा : यंदा कोणाचे, कशाचे प्रशिक्षण झाले? त्या दिवसांत वर्ग कोणी घेतला? त्यातले काय आता वर्गात चालते? उत्तर आदराने ऐका, इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत तेच पुन्हा विचारा. माताभगिनींनो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही बोलावे. विचारायला अक्षर लागत नाही.