बॅटरीची कुवत

नातवाने गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी उघडला होता. २००३ साली निघालेला खेळ. त्याचा चार्जर कधीच हरवला. टाइप-सीचा टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड आत बसवायचं चाललं होतं. जुनी वस्तू टाकण्यापेक्षा दुरुस्त करावी, या मताचा मी. पण विचारलं, "हा बोर्ड करंट किती देतो रे?"

"एक अ‍ॅम्पियर, आबा."

आणि बॅटरी जेमतेम ६०० मिलिअ‍ॅम्पियर-तासांची! लिथियमच्या बॅटरीत असं कोंबलं की ती तापते, फुगते. मग त्याने १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा लावला. करंट ३०० मिलिअ‍ॅम्पियरवर आला. वेळ जास्त लागतो, लागू दे. तीस वर्षं वर्गात मीही हेच शिकलो: समोरच्याची कुवत पाहून द्यावं.