नित्यकर्माची थोरवी

जीवनाला अर्थ कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर माणसे बहुधा असाधारण प्रसंगांत शोधतात. एखादी दीक्षा, एखादा त्याग किंवा एखादे मोठे यश आपल्या आयुष्याला उंची देईल आणि तोवरचे दिवस केवळ वाट पाहण्याचे आहेत, अशी ती समजूत असते. भारतीय कर्मविचाराने मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी चौकट फार पूर्वीच घडविली. मीमांसकांनी कर्माचे तीन वर्ग केले: जे रोज करावयाचे आणि जे चुकल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो ते नित्य, जे सण, जन्म, ग्रहण अशा निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक, आणि जे विशिष्ट फळाची इच्छा धरून करावयाचे ते काम्य. यज्ञविधींच्या संदर्भात जन्मलेली ही विभागणी विधींपुरती न ठेवता जगण्याला लावून पाहिली, तर आयुष्याचा बहुतांश काळ ज्यात जातो ते नित्यच अर्थाचे मुख्य ठिकाण ठरते.

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे चैत्रातल्या यात्रेला दूरदूरचे भाविक येथे येतात. यात्रा हे नैमित्तिक, आणि नवस बोलणे-फेडणे हे काम्य. परंतु यात्रा उठल्यानंतरही देवळातली झाडलोट, पाणी आणि पूजा कोणाच्या तरी हातून पहाटे व्हावीच लागते, आणि गावात व देवळाच्या आवारात वावरणाऱ्या माकडांसह गावाला वर्षभर नांदावेच लागते. यात्रेकरूला जे दर्शन काही क्षण लाभते, ते या अखंड चाललेल्या कामामुळेच शक्य होते. म्हणून क्षेत्राचे क्षेत्रपण उत्सवात दिसते, हे जितके खरे, तितकेच ते नित्याने टिकते, हेही खरे मानावे लागते.

नित्यकर्मातून आयुष्य उभे करण्याचा या परिसरातला सर्वांत बोलका दाखला याच तालुक्यातील सीनाकाठच्या डोमगावात आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी येथे आहे. कल्याणस्वामींची जी दोन कामे समर्थ संप्रदायाने विशेष आदराने स्मरणात ठेवली, त्यांतले एक पाणी वाहण्याचे आणि दुसरे लेखनाचे. उरमोडी नदीचे पाणी मोठ्या हंड्यांत भरून ते रोज सज्जनगडावर चढवीत, असे परंपरा सांगते, आणि ते हंडे म्हणून दाखविली जाणारी भांडी आजही गडावर जपलेली आहेत. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, अशा रीतीने दासबोध सिद्ध झाला, असेही संप्रदाय मानतो. वीस दशक आणि दोनशे समास एवढा हा ग्रंथविस्तार आहे. दशक म्हणजे दहा समासांचा गट, आणि समास म्हणजे एका विषयाला वाहिलेले ओवीबद्ध प्रकरण. डोमगाव मठाने जपलेल्या हस्तलिखिताच्या आधारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापून प्रसिद्ध केला, आणि त्यामुळे एका लेखनिकाचे काम छापील रूपाने घरोघर पोचले.

ज्या ग्रंथात ब्रह्म, माया आणि मोक्ष यांची चर्चा आहे, त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिलेला आहे, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ चालाव्यात, कागदाला समास सोडावा, लेखणी आणि शाई यांची सिद्धता आधीच करावी, आणि आरंभीचे अक्षर जसे निघाले तसेच ते ग्रंथ संपेपर्यंत राहावे, या आशयाच्या सूचना तेथे बारकाईने दिल्या आहेत. यांतली शेवटची अपेक्षा सर्वांत कठीण आहे, कारण पहिले पान उत्साहाने कोणीही सुंदर लिहितो. शेकडो पानांनंतर, बोटे आखडल्यावर आणि नवेपणा ओसरल्यावरही अक्षर तसेच राहावे, यासाठी उत्साहापेक्षा निष्ठा लागते. समर्थांनी हस्ताक्षराला अध्यात्माच्या ग्रंथात जागा दिली, यामागे मोठा विचार आहे: वाचणारा पुढे कधीतरी, कोठेतरी असणार आहे, त्याला त्रास होऊ नये म्हणून आज घेतलेली काळजी हेच परमार्थाचे एक रूप आहे. पाण्याचा हंडा आणि रेखीव अक्षर या दोन्हींत काम करणाऱ्याचे लक्ष स्वतःवरून उठून दुसऱ्याच्या गरजेवर स्थिरावलेले असते, आणि साध्या कामाला उंची येते ती येथून.

ही धारणा वारकरी परंपरेत त्याआधीच रुजलेली होती. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वाट्याला आलेले कर्म नीट करणे हीच सर्वव्यापक ईश्वराची पूजा, असा विचार विस्ताराने आला आहे. त्याच काळात तेर येथे गोरोबाकाका मडकी घडवीत होते, अरणला सावतोबा मळा पिकवीत होते. तेर हे धाराशिव जिल्ह्यातलेच गाव, प्राचीन काळचे तगर. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत, ज्या घडविणाऱ्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत, तरी त्यांच्या बोटांची काळजी जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही त्या मातीत वाचता येते. गोरोबाकाकांची समाधी याच गावात, तेरणेच्या काठी आहे.

गोरोबाकाकांच्या चरित्रातली एक कथा मात्र या विचाराला आवश्यक ती मर्यादा घालते. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असता रांगत आलेले स्वतःचे मूल त्यांच्या पायांखाली गेले आणि त्यांना कळले नाही, अशी ती कथा आहे. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळाल्याचे परंपरा सांगते, पण त्याआधीचा मातेचा आकांत तिने झाकलेला नाही. या कथेचा भक्तीची पराकाष्ठा म्हणून गौरव होतो. तिचा दुसरा बोधही तितक्याच गांभीर्याने घ्यावयास हवा. जे उच्च ध्येय हाताशी असलेल्या जिवाचे भान हरपवते, ते ध्येय कितीही पवित्र असले तरी अपुरे आहे. समाजकार्यात, संशोधनात किंवा चळवळीत बुडालेल्या अनेकांच्या घरांनी ही किंमत मोजलेली आहे, आणि ती बहुतेक वेळा त्या घरातल्या स्त्रियांनी व मुलांनी मोजलेली आहे.

दुसरी मर्यादा न्यायाची आहे. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा 1338 मध्ये गावकुसाच्या बांधकामावर राबत असता ते कोसळून त्याखाली गाडले गेले. ज्या विठ्ठलाला त्यांनी आयुष्य वाहिले, त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेरच आहे, आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. चोखोबांनी आपल्या कष्टांत अर्थ पाहिला, ही त्यांची थोरवी. पण त्या थोरवीचा आधार घेऊन लादलेल्या कष्टांना कोणी पवित्र म्हणू लागला, तर तो त्यांचाच अवमान ठरतो. अर्थ शोधण्याचा अधिकार कष्ट करणाराचा आहे. दुसऱ्याने सोसावयाच्या कष्टांना अर्थ चिकटविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अर्थाचे तीन मार्ग सांगितले: काही निर्माण करणे किंवा काम पार पाडणे, कशाचा तरी वा कोणाचा तरी प्रेमाने अनुभव घेणे, आणि टाळता न येणाऱ्या दुःखापुढे आपली वृत्ती स्वतः निवडणे. टाळता येणारे दुःख असेल, तर त्याचे कारण दूर करणे हीच अर्थपूर्ण कृती होय, असेही त्यांनी स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण सोनारी-परंड्याच्या पर्जन्यछायेतील भूमीला अतिशय लागू पडते. पाऊस न येणे शेतकऱ्याच्या हाती नाही, परंतु पाणी अडविणे, वेळेवर कर्ज आणि मालाला भाव मिळणे या गोष्टी समाजाच्या व शासनाच्या हाती आहेत. त्या न करता शेतकऱ्याला निष्काम कर्माचा उपदेश करणे म्हणजे अध्यात्माच्या आडून जबाबदारी टाळणे आहे. त्याच वेळी, पुरेसा पाऊस आणि योग्य भाव मिळाला तरी रब्बीची ज्वारी पेरणे, राखणे आणि काढणे हे काम रोजचेच राहणार आहे, आणि ते कोणासाठी केले जाते याचे भान असल्यावाचून संपन्नताही माणसाला पोकळ वाटू शकते.

म्हणून दैनंदिन जीवनात उच्च हेतू शोधणाऱ्याने काम बदलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, असे या परंपरेच्या आधारे म्हणता येते. हे काम कोणाच्या उपयोगी पडते, हे करणाऱ्याला दिसते का. त्याचे शेवटचे पान पहिल्या पानाइतकेच काळजीने लिहिले जाते का. आणि ते करताना जवळच्या कोणावर पाय तर पडत नाही ना. अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढणारी मदतनीस, पहाटे एसटीची फेरी नेणारा चालक, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून, यांच्या कामात या तिन्हींची सोय आहे. त्यांना वेतन, विश्रांती आणि मान देण्याचे कर्तव्य मात्र इतरांचे आहे. कल्याणस्वामींचे नाव तीनशे वर्षे टिकले, कारण त्यांनी रोज पाणी आणले आणि अक्षर बिघडू दिले नाही. एवढे करणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे, आणि आयुष्य सार्थ होण्यास तेवढे पुरेसे आहे.