किती तासात मारलंत?

आपल्याकडे कोणी लांबून गाडीने आलं की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो. "किती तासात मारलं?" क्रियापद बघा. पूर्वी आपण अंतर कापायचो, आता मारतो! उत्तरातला आकडा जितका लहान तितकी पाठ जास्त थोपटली जाते. 'सहा तासात आलो' म्हणणारा हिरो, आणि 'थांबत थांबत नऊ तासात आलो' म्हणणारा बिचारा. "का रे, गाडीत काही प्रॉब्लेम होता का?" असं त्याला वर विचारतात. आज मला या कौतुकाशीच भांडायचं आहे.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा. एकूण 701 किलोमीटर, दहा जिल्हे, गाड्यांना सपाटीवर ताशी 120 ची मुभा. तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातली मित्रमंडळी फोनवर ऐकवतात, "आता आमच्याकडेही तुमच्यासारखा रस्ता आहे बरं का!" आहे, आणि त्याचा मनापासून आनंद आहे. पण 'आमच्यासारखा रस्ता' म्हणजे काय, ते असल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याकडून एकदा ऐकून घ्या. असा रस्ता सोपा असतो, पण सोपा म्हणजे सुरक्षित नव्हे. त्यावरच्या अर्ध्या दिवसाच्या प्रवासाची आखणी किलोमीटर मोजून करायची नसते, चालवणाऱ्याची झोप मोजून करायची असते.

आमच्या कॅलिफोर्नियातलंच उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को. जवळच्या रस्त्याने, म्हणजे इंटरस्टेट 5 ने, साधारण 380 मैल. आपल्या हिशोबात 610 किलोमीटर. फोनवरचा नकाशा सांगतो सहा तास. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, सहाच तास ना, मग दुपारी जेवून निघू आणि रात्रीच्या जेवणाला पोचू. इथला अनुभवी माणूस मात्र त्या सहा तासांत न थांबता आठ तास धरतो आणि मग निघायची वेळ ठरवतो. का, ते सांगतो.

नकाशावरचे सहा तास हे गाडीचे असतात, माणसाचे नसतात. त्यात लघवी नाही, जेवण नाही, पेट्रोल नाही, मागच्या सीटवरच्या आजोबांचे आखडलेले गुडघे नाहीत. शिवाय दोन्ही टोकांना महानगरं. सकाळी सातला लॉस एंजेलिसमधून निघालात तर शहराबाहेर पडण्यातच जीव मेटाकुटीला येतो, आणि संध्याकाळी पाचला बे एरियात शिरलात तर शेवटचे चाळीस मैल आधीच्या शंभर मैलांइतके लांब वाटतात. म्हणून निघायची वेळ ठरवायची ती दोन्ही शहरांच्या गर्दीच्या वेळा टाळून. पहाटे साडेपाचला निघणं हे इथे शिस्तीचं लक्षण नाही, साधा हिशोब आहे.

शहर सुटलं की चढ लागतो. तेहोन खिंड, उंची चार हजार फुटांच्या वर. हिवाळ्यात इथे बर्फ पडून हायवे बंद होतो. उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून चढावर एसी बंद करा अशा पाट्या लागतात. पलीकडे उतार असा की ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला वाळू-खडीचे वेगळे रस्ते काढून ठेवलेत. इथपर्यंत माणूस टक्क जागा असतो. खरी परीक्षा उतार संपल्यावर सुरू होते.

पुढे सेंट्रल व्हॅली. दोनशेहून जास्त मैल सरळ आणि सपाट, दोन्ही बाजूंना शेतं आणि बदामाच्या बागा, अधूनमधून कालवा. जाणाऱ्या दोन लेन, येणाऱ्या दोन. जुना हायवे 99 बेकर्सफील्ड, फ्रेस्नो अशी गावं घेत जातो. हा 5 नंबरचा मुद्दामच गावं टाळून काढला, 1972 मध्ये हा पट्टा पुरा झाला. म्हणजे वेळ वाचला. पण डोळ्यांना गुंतवणारं जे जे होतं, तेही सगळं गेलं. कोलिंगाजवळ गुरांचा एक प्रचंड तळ आहे. त्याचा वास काचा बंद असल्या तरी आत येतो. लोक नाक मुरडतात, पण मला विचाराल तर त्या पट्ट्यात माणसाला जागं करणारी ती एकच गोष्ट आहे!

आता नागपूरहून मुंबईला जाणारा जुना रस्ता आठवा. दर दहा मैलांवर गाव. गावात गतिरोधक, म्हशी, आडवी लावलेली एसटी, लग्नाची वरात. शिव्या घालत जायचो आपण. पण त्या रस्त्यावर पेंग यायला फुरसतच नव्हती. दर दीड तासाला टपरी दिसायची आणि कोणीतरी म्हणायचं, "चला, एकेक कटिंग मारू." त्या टपरीला आपण वेळखाऊपणा समजलो. खरं तर ती त्या रस्त्यावरची सुरक्षा यंत्रणा होती, फक्त ती कोणी ठरवून बसवलेली नव्हती. नवा रस्ता आला आणि गावांबरोबर टपरीही गेली. आता ती तुम्हाला स्वतःच्या वेळापत्रकात हाताने परत बसवावी लागेल. आपोआप काही मिळणार नाही.

इंजिनियर आहे, म्हणून थोडं गणित सहन करा. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. चार सेकंदांची डुलकी म्हणजे 130 मीटरहून जास्त अंतर गाडी एकटीच चालली, ड्रायव्हर नव्हताच. डुलकी लागणाऱ्याला ती लागली हे बहुतेक वेळा कळतही नाही. आणि 100 ऐवजी 120 ने गेल्यावर मिळतं काय? नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटरला 52 मिनिटं. फार तर एका जेवणाचा वेळ. त्याबदल्यात धडकेतली ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हा सौदा बाजारात कोणी केला असता का?

याहून वाईट सौदा आपण रोज करतो. "रात्री निघू, रस्ता मोकळा मिळतो, पहाटे पोचू, दिवस फुकट जात नाही." हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकलंय. इथले आपले लोकही कमी नाहीत. शुक्रवारी ऑफिस सुटलं की लॅपटॉपची बॅग डिकीत टाकून रात्री नवाला सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला निघणारे कितीतरी देशी सांगता येतील. आता हे बघा. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भारतात कायद्याची मर्यादा 0.03 टक्के. सकाळी सहाला उठलेला, दिवसभर काम केलेला सज्जन, माळकरी, थेंबही न घेणारा माणूस रात्री अकराला स्टेअरिंगवर असतो तेव्हा तो कायद्याने ज्याला गाडी चालवू देत नाहीत त्या माणसाइतकाच निरुपयोगी असतो. पण त्याच्या तोंडाला वास येत नाही, म्हणून आपण त्याच्या हातात किल्ली देतो आणि मागे उशी घेऊन झोपतो.

1 जुलै 2023. समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला आग लागून 25 माणसं गेली. 15 ऑक्टोबर 2023, वैजापूरजवळ मिनीबस ट्रकला धडकून 12 गेली. कारणांबद्दल उलटसुलट बरंच बोललं गेलं, त्यात मला पडायचं नाही. घड्याळ मात्र बघा. दोन्ही अपघात मध्यरात्र उलटल्यावरचे. शरीराला हक्काची झोप हवी असते ती हीच वेळ. कोणी म्हणतं रस्ता शापित आहे, कोणी म्हणतं सरळ रस्ता संमोहित करतो. अहो, शाप कसला आणि संमोहन कसलं, माणसाला रात्री झोप येते!

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. "तुम्हाला काय, तिकडे सगळ्या सोयी असतात." बरोबर आहे. इंटरस्टेट 5 वर तेहोन खिंड, बटनविलो, कोलिंगा-अ‍ॅव्हनल, वेस्टली अशी राज्य सरकारची विश्रांतीस्थानं आहेत. फुकट पार्किंग, संडास, नळाचं पाणी, झाडाखाली बाकडी. गाडीची सीट मागे करून झोपलात तर कोणी काच ठोठावून "इथे का थांबलात" असं विचारत नाही. समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा अशा जागांची बोंब होती. आधी टोलनाके आणि नंतर संडास हा क्रम चुकीचाच, त्याबद्दल सरकारला धारेवर धरायलाच हवं. पण उद्घाटनाच्या वेळी आपण कौतुक कशाचं केलं? नागपूर-मुंबई आठ तासात, याचं. दर पन्नास किलोमीटरला स्वच्छ संडास आहे का, हे कोणी विचारलं? जे मागितलं ते मिळालं.

आणि अमेरिका म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. 29 नोव्हेंबर 1991 ला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, याच इंटरस्टेट 5 वर कोलिंगाजवळ धुळीच्या वादळात शंभरावर गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि 17 माणसं मेली. हिवाळ्यात व्हॅलीत धुकं इतकं दाट उतरतं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. दिसत नसताना वेग कमी न करणारे इथेही भरपूर आहेत. फरक एवढाच की धंदा म्हणून ट्रक चालवणाऱ्यासाठी नियम आहे: दिवसाला जास्तीत जास्त 11 तास चालवायचं, आठ तास चालवल्यावर अर्धा तास सुट्टी, आणि सलग दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय पुन्हा चाकावर बसायचं नाही.

असा कायदा भारतात कधी नव्हताच असं वाटत असेल तर 2025 पर्यंत तो होता. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. साठ वर्षं उलटून गेली. तुमच्या ओळखीच्या किती ड्रायव्हरांना तो माहीत होता?

इथेच माझं खरं भांडण आहे. अमेरिकेत मी माझी गाडी स्वतः चालवतो, म्हणून माझ्या झोपेचा विचार मलाच करावा लागतो. आपल्याकडे लांबच्या प्रवासाचा बेत आखतो एक जण आणि गाडी चालवतो दुसराच. बेत आखणारा मागे घोरतो. दिवसभर देवदर्शन, खरेदी, नातेवाईक, आणि रात्री परत. "त्याला सवय आहे हो," असं म्हणतात. कसली सवय? झोप न घेण्याची सवय शरीराला लागत नसते, फक्त नाही म्हणण्याची सवय सुटते. मुक्कामाला सगळ्यांना खोल्या, आणि ड्रायव्हर गाडीतच, डास मारत, सीट मागे करून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाच्या भरवशावर आपण आपली पोरंबाळं बसवतो!

म्हणून साधी आखणी सांगतो, समृद्धीला आणि कुठल्याही सरळ रस्त्याला लागू पडेल अशी:

1. चालवणाऱ्याची आदल्या रात्री सात तास झोप झालेली असेल तरच निघायचं. नसेल तर बेत पुढे ढकलायचा, नातेवाईक रुसले तरी.
2. पहाटे निघा, अंधारात रस्त्यावर राहायची वेळ येऊ देऊ नका.
3. नकाशाच्या वेळेत तीसएक टक्के मिळवा. घरच्यांना तीच वेळ कळवा, म्हणजे "कुठपर्यंत आलात?" असे फोन येणार नाहीत.
4. दर दोन तासांनी थांबा. कुठे थांबायचं ते निघण्याआधीच ठरवा, झोप यायला लागल्यावर नाही.
5. दुपारी दोन ते चार ही दुसरी पेंगेची वेळ. भरपेट थाळी खाऊन लगेच चाकावर बसू नका. एक कप कॉफी पिऊन वीस मिनिटं झोपा. उठेपर्यंत कॉफी काम सुरू करते.
6. टायरवर चार आकडे छापलेले असतात, आठवडा आणि वर्ष. निघण्याआधी ते वाचा, आणि टायर गार असताना हवा तपासा.
7. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही. त्या सीटचं भाडं म्हणजे गप्पा.

यात नवं काही नाही हे मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि नऊ तासात पोचलेल्या माणसाला "छान केलंत" म्हणणं वेगळं. ते म्हणायला सुरुवात करा. आणि पुढच्या वेळी ड्रायव्हर घेऊन लांब जाल तेव्हा मुक्कामाच्या गावी एक खोली जास्त बुक करा. चारचौघांत वाटून घेतलीत तर माणशी एका जेवणाचे पैसे पडतील. खोलीची किल्ली त्याच्या हातात द्या, आणि सकाळी तो उठेपर्यंत त्याला उठवू नका.